जुनी होंडा सिटी घेतलीत? आधी एवढंच करा

अभिनंदन! २०१२ ची पेट्रोल सिटी म्हणजे चांगली निवड. १.५ लिटरचं आय-व्हीटेक इंजिन वेळेवर ऑइल मिळालं तर सहसा कुरकुरत नाही. त्यात टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी) आहे, रबरी बेल्ट नाही, त्यामुळे "बेल्ट बदला" म्हणणाऱ्या मेकॅनिकला नम्रपणे नमस्कार करा.

आधीच्या मालकाच्या शब्दावर विसंबू नका. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि ब्रेक ऑइल एकदा सगळं नव्याने भरा, तारीख नि किलोमीटर वहीत लिहा. नवखे लोक नेमकं इथेच चुकतात: आधी सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम, मग ऑइल. कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओततात, तेही नको. आतून गंज धरतो. गळती शोधा. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

आणखी तीन गोष्टी:
- टायरची नक्षी चांगली दिसली तरी वय बघा. बाजूला कोरलेले '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.
- आरसीची मुदत तपासा. खासगी गाडीला १५ वर्षं, पुढे आरटीओत तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण.
- गाडी बुटकी आहे. तुंबलेल्या पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. ढकलून बाहेर काढा, टो करून न्या.

सस्पेन्शन, मॉडिफिकेशन वगैरे सध्या राहू द्या. आधी महिनाभर नुसती चालवा, तिचे नेहमीचे आवाज ओळखीचे होऊ द्या.