गावच्या बंद घरात परवान्याची बंदूक ठेवावी का?

तुमच्या प्रश्नातून मला जे कळलं ते असं. वडील ७४ वर्षांचे आहेत आणि घर राजापूर तालुक्यात आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एक काडतुसी सिंगल बॅरल आणि आजोबांपासून चालत आलेली एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, बंदूक आहे. वडील आता कायमचे डोंबिवलीला तुमच्याकडे येणार, घर फक्त गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडणार. बंदुका तिथेच लोखंडी कपाटात ठेवल्या तर गंज आणि चोरी यांपासून कशा जपायच्या, असं तुम्ही विचारलंय.

मीही रत्नागिरी जिल्ह्यातलाच, माझ्या नावावर १२ बोअरचा परवाना आहे. माझं उत्तर सरळ आहे: ठेवू नका. कपाट कितीही भारी घेतलंत तरी नको. कुलूप चोराला अडवत नाही, फक्त त्याचा वेळ खातं. त्या वेळात कोणी आवाज ऐकणारं, सकाळी दार उघडं बघणारं असेल तर कुलपाचा उपयोग. आपल्याकडची घरं कौलारू. चोर दाराशी झटत बसत नाही, चार कौलं सरकवून आत उतरतो, आणि पावसाळ्यात त्या आडवाटेला चिटपाखरू फिरकत नाही. जूनमध्ये गेलेली बंदूक तुम्हाला गणपतीत कळणार. मधल्या काळात तिनं काय केलं असेल, कुणाच्या हातात गेली असेल, याचा विचार करा. बंदूक चोरीला गेली की ताबडतोब पोलिसांना कळवायचं असतं, आणि अडीच महिने पत्ताच नव्हता हे उत्तर वयाच्या पंचाहत्तरीत वडिलांना द्यावं लागेल. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

यावर बहुतेक घरांत निघणारा तोडगा म्हणजे शेजारच्या काकांकडे किंवा घर झाडायला येणाऱ्या माणसाकडे चावी देणं. कृपा करून हे करू नका. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या किंवा घराण्याच्या नावाचा नाही. कायद्यात ताबा म्हणजे नुसतं हातात असणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलंय की वस्तू दुसऱ्याकडे असली तरी तिच्यावर ज्याची सत्ता चालते त्याचाही ताबा धरता येतो. म्हणजे वडील सुटत नाहीत आणि ज्यानं केवळ भलेपणानं चावी घेतली तो बिनपरवाना शस्त्र बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. गावातल्या गरीब माणसाला आपल्या सोयीसाठी त्या जागी उभं करणं मला अजिबात पटत नाही.

मग करायचं काय? वडील गाव सोडण्याआधी दोन्ही बंदुका, काडतुसं आणि ठासणीची दारू असेल तर तीही, पोलीस ठाण्यात किंवा सुरक्षित ताब्यात शस्त्रं ठेवण्याची परवानगी असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. निवडणुकीच्या आचारसंहितेत कधी बंदूक जमा केली असेल, तर ही पद्धत वडिलांना ठाऊक असेलच. पावतीवर बंदुकीचा नंबर, परवान्याचा नंबर आणि काडतुसांची संख्या नीट आलीय ना, ते तिथेच उभं राहून वाचा. विक्रेता भाडं घेतो, पण शक्य असेल तर मी तोच मार्ग घेईन. पोलीस ठाण्यात तुमच्या बंदुकीची नळी कोणी पुसत बसेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

पण जमा करणं ही तात्पुरती सोय. खरा प्रश्न पुढचा आहे आणि तो वडील हिंडते-फिरते असतानाच सोडवायला हवा. शेतीसंरक्षणाचा परवाना पिकाच्या राखणीसाठी मिळालेला असतो. शेती पडीक आणि परवानाधारक डोंबिवलीत, असं झालं तर नूतनीकरणाच्या वेळी गरज काय, हा प्रश्न येणारच. पत्ता बदलल्याचंही कळवावं लागतं, आणि डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयात येत असल्यामुळे तिथे परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे नसून आयुक्तांकडे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक चांगली तरतूद आहे: परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा त्याच्याकडे शस्त्र २५ वर्षं असलं, की तो हयात असतानाच वारसाचं नाव देऊ शकतो आणि त्या वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. तुमच्या घरात खरोखर कसणारा, गावातच राहणारा भाऊ असेल तर त्याच्या नावानं आत्ताच अर्ज करा. वडिलांच्या पश्चात तेच काम दुःखाच्या दिवसांत करावं लागतं, आणि बंदुका तर तेव्हा विनाविलंब जमा कराव्याच लागतात, कारण परवाना नसलेल्या वारसाच्या घरात त्या एक दिवसही राहायला नकोत. कसणारं कोणीच उरलं नसेल तर रीतसर विकून टाका किंवा सरकारजमा करा. आजोबांची आठवण म्हणून ठासणीचीवर तुमचा जीव असणार, ते मला समजतं. पण रिकाम्या घरात गंजत पडलेली बंदूक ही आठवण जपणं नव्हे.

आता गंजाचं. जमा करायच्या आधीसुद्धा हे करावंच लागेल. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बंद घरात हवा खेळत नाही, आणि समुद्र जवळ असेल तर हवेत खारही असतो. कॅनव्हासची किंवा चामड्याची पिशवी, फोमची पेटी हे सगळं ओल धरून ठेवतं, त्यात बंदूक कधीच ठेवू नये. सिलिका जेलच्या पुड्या साध्या कपाटात थोड्याच दिवसांत ओलीनं भरून जातात आणि मग नुसत्या पडून राहतात. नळी आतून साफ करून कोरडी करा, तेल लावा आणि लांब काळासाठी असेल तर वरून ग्रीसचा पातळ थर द्या. शेवटचा हात कापडानं फिरवा, कारण बोटांच्या घामाचे ठसे जिथे राहतात तिथेच पहिला गंज धरतो. ठासणीची बंदूक शेवटचा बार काढल्यावर धुतली नसेल तर नुसतं तेल पुरणार नाही. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. ती गरम पाण्यानंच जाते, त्यानंतर नळी पूर्ण सुकवून मग तेल. लाकडी दस्त्याला वाळवीही लागते, म्हणून भिंतीला टेकवून उभी करू नका.

वडील मध्ये चार-आठ दिवस गावी राहायला गेले आणि बंदूक सोबत असली, तर बाजारहाटाला जाताना ती कपाटात रिकामी, नळी वेगळी करून आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवावीत. कपाट चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला बोल्टनं बसवू नका, चिरा मऊ असतो, पहारीनं उपटून येतो. काँक्रीटच्या जोत्यात बोल्ट घाला. काही जण सुचवतात की बंदुकीचा एक भाग काढून मुलानं मुंबईला न्यावा, पण कायद्यानं सुटा भागही शस्त्रातच मोडतो, तो तुम्ही स्वतःच्या परवान्याशिवाय बाळगू शकत नाही.

आणि हे सगळं सुरू करण्यापूर्वी, आजच, ती ठासणीची भरलेली नाही ना ते बघा. काडतुसी बंदूक मधून उघडली की कळतं, ठासणीचीचं बाहेरून काहीच कळत नाही, आणि जुन्या घरांत त्या भरूनच खुंटीला लावलेल्या असायच्या. टोपी, म्हणजे बार पेटवणारी छोटी धातूची टोपी, चढवलेली असेल तर आधी ती काढा. मग नळीचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर धरून, बाजूला उभं राहून गज (बार ठासायची सळई) आत सोडा, गजावर नळीच्या तोंडाशी खूण करा आणि तोच गज नळीला बाहेरून लावून बघा. खूण तोंडाशी ठेवल्यावर गजाचं टोक पार मागे कानापर्यंत, म्हणजे जिथून बार पेटतो त्या मागच्या छिद्रापर्यंत, पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असू शकतं, किंवा बारही असू शकतो. स्वतः काढायला जाऊ नका, शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला बोलवा, आणि तोवर घरातल्या मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.