‘प्रशासन झोपले आहे काय?’ हे वाक्य खोडा

(या सदराच्या लेखिका नगरपरिषदेच्या आरोग्य विभागातून स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : शेजारचे घर बरेच दिवस बंद आहे, मालक परगावी असतात. अंगणातल्या हौदाचे झाकण तुटले आहे, त्यात पाणी साठते आणि संध्याकाळी खिडकी उघडायची सोय राहिलेली नाही इतके डास झाले आहेत. नगरपरिषदेला अर्ज दिला. ‘परिसरात प्रचंड अस्वच्छता असून नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले आहे, प्रशासन झोपले आहे काय?’ असे स्पष्ट लिहिले, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. एक माणूस आला, रस्त्यावर धूर सोडून गेला. हौद तसाच आहे. – एक वाचिका

उत्तर : तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मीही धुराचं मशीनच पाठवलं असतं. अर्जात हौद कुठे आहे? हौद हा शब्दच नाही. असले अर्ज सकाळच्या टपालात गठ्ठ्यानं येतात. आवक कारकून शिक्का मारतो, अर्ज आरोग्य विभागाकडे ‘वर्ग’ होतो आणि निरीक्षकाच्या हाती पडतो. त्याला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात : जायचं कुठे आणि बघायचं काय. प्रशासन झोपलं आहे की जागं, यावर त्याला काही शेरा मारता येत नाही.

धुराचं म्हणाल, तर तो उडणाऱ्या डासांपुरता. पाण्यातल्या अळ्यांना त्याची झळही लागत नाही. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात तुमची खिडकी पुन्हा बंद. धूर मात्र सगळ्या गल्लीला दिसतो, म्हणून लोकांना आवडतो आणि नगरसेवकांनाही.

तुमच्या गच्चीवरून हौद दिसत असेल तर त्यात बॅटरी मारून बघा. (कुंपण ओलांडून आत मात्र जाऊ नका. परक्याच्या आवारात शिरलात, तर तुमच्याविरुद्धच अर्ज येईल.) पाण्याच्या वरच्या थरात बारीक दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काही वळवळत असेल आणि सावली पडताच झटक्यात खाली बुडी मारत असेल, तर त्या अळ्या. डोकं खाली करून तिरप्या लोंबत असतील तर एडिस किंवा क्युलेक्स, पाण्याला समांतर आडव्या पसरल्या असतील तर ॲनॉफिलीस, म्हणजे मलेरियाचा डास. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसला घाण लागत नाही, साठलेलं स्वच्छ पाणीच त्याला आवडतं. त्यामुळे ‘प्रचंड अस्वच्छता’ हे शब्द निरीक्षकाला कचराकुंडीकडे नेतात आणि हौद राहतो बाजूला. अळीची जात तुम्ही ओळखायची गरज नाही, पण ‘हौदात अळ्या दिसल्या’ एवढे शब्द कागदावर आले की माणसाला यावंच लागतं. पावसाळ्यात वरून सारखी विचारणा होते, किती घरं तपासली, किती ठिकाणी अळ्या सापडल्या. तुम्ही त्याला आयती नोंद देत असता.

नवा अर्ज असा लिहा : ‘घर क्रमांक अमुक. अंगणात शिरताच डाव्या हाताला सिमेंटचा हौद, झाकण तुटलेले, अंदाजे गुडघाभर पाणी. अमुक तारखेला त्यात अळ्या दिसल्या. घर बंद असून किल्ली अमुक यांच्याकडे आहे. हौद रिकामा करावा किंवा त्यात ॲबेट (अळीनाशक औषध) टाकावे व झाकण बसवण्याबाबत मालकास नोटीस द्यावी.’ किल्लीचा उल्लेख विसरू नका. ‘घर बंद आढळले’ या एका शेऱ्यावर किती अर्ज मिटले असतील, ते माझं मला माहीत. मालकाचा पत्ता तुमच्याकडे नसला तरी अडत नाही, घरपट्टीचं बिल कुणाच्या नावानं आणि कुठे जातं हे कर विभागाला ठाऊक असतं.

सह्या हव्या तर घ्या. पण गल्लीभर सह्यांच्या अर्जावर बहुधा एकही फोन नंबर नसतो, आणि जागेवर आलेला माणूस कुणाला हाक मारणार? एकाच घराचा नंबर द्या, दुपारी घरी असणाऱ्याचा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

प्रश्न : घरासमोरचे गटार तुंबून पाणी रस्त्यावर येते. ॲपवर तक्रार केली की दोन दिवसांत ‘निकाली’ असा संदेश येतो, काम काहीच होत नाही. प्रत्यक्ष गेलो तर म्हणतात, नव्या गटाराला निधी नाही. – एक त्रस्त वाचक

उत्तर : ‘निकाली’ म्हणजे काम झालं असं नव्हे. आरोग्याकडून बांधकामाकडे कागद सरकवला तरी आरोग्यापुरती तक्रार निकाली निघते. कधी कधी गाळ खरंच काढलेला असतो, पण काढून काठावरच ठेवतात आणि पहिल्या सरीला तो पुन्हा आत. म्हणून फोटो दोन काढा : काठावरच्या गाळाचा आणि पाण्याचा. दोन्हींत विजेच्या खांबावरचा क्रमांक दिसू द्या, म्हणजे ‘जागा सापडली नाही’ म्हणता येत नाही. ॲपमध्ये सोय असेल तर तीच तक्रार पुन्हा उघडा, नसेल तर नव्या तक्रारीत जुना क्रमांक टाका. तरीही ढिम्म असतील तर माहिती अधिकारात विचारा, ‘या क्रमांकाच्या तक्रारीवर कोणी, कधी, काय कार्यवाही केली त्या नोंदीची प्रत द्यावी.’ त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘का केले नाही’ असं मात्र विचारू नका. तिथे माहिती मिळते, खुलासा नाही.

आता निधी. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांना अगदी हेच ऐकवलं गेलं होतं. उघडी गटारं, रस्त्यावर मैला, आणि नगरपालिका म्हणे पैसे नाहीत. ते लोक दंडाधिकाऱ्यांकडे गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९८० साली न्या. कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला की पैशांचा अभाव ही नगरपालिकेची सबब होऊ शकत नाही. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली गेले होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात करायचा. सोबत तुमच्या तक्रारींचे क्रमांक, तारखा आणि फोटो जोडायचे. आधी मुख्याधिकाऱ्यांना एक लेखी पत्र द्या, त्यात रतलामचं नाव आणि कलम घाला. पुष्कळदा तिथेच पैसे सापडतात.

प्रश्न : शेजारच्या बांधकामावर रात्री अकरा-साडेअकरापर्यंत फरशी कापायचे मशीन चालते. राडारोडाही रस्त्यावरच. बिल्डर ओळखीतला आहे. नाव न देता नगरपरिषदेत तक्रार करता येईल का? – नाव छापू नये

उत्तर : आवाजासाठी नगरपरिषदेत जाऊच नका, पोलिसांना ११२ वर फोन करा आणि मशीन चालू असतानाच करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळात निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी आहे, डेसिबल मोजत बसायची गरज नाही. नावाचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं भोंग्यांच्या एका प्रकरणात पोलिसांना बजावलं आहे, की ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीवर तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. तेव्हा फोनवर पत्ता नीट सांगा आणि नाव विचारलं तर द्यायचं नाही म्हणा.

राडारोड्याचा अर्ज मात्र नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाकडे, वेगळ्या कागदावर. त्यात आवाजाबद्दल अवाक्षर लिहू नका, नाहीतर तोही पोलिसांकडे वर्ग होईल.