वहीतली तिसरी ओळ

चि. ज्युनिअरबाईंस अनेक आशीर्वाद,

काल अत्याचाराची तक्रार घेऊन जी मुलगी आपल्याकडे आली, तिचं बोलणं तू टिपून घेतलंस. संध्याकाळी तू गेल्यावर तुझी ती वही चाळली. न विचारता चाळली, हे कबूल. तिसऱ्या ओळीवर थांबले. 'रात्री साडेदहा, सोमेश्वरहून परत येताना, मित्रासोबत. का?' त्या 'का'खाली पेनाने दोन रेघा.

रागावले नाही. माझ्या जुन्या वह्यांत असे 'का' ढिगाने सापडतील. वकिलीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी सातपूरच्या एका कारखान्यातली मुलगी आली होती. सुपरवायझरने काय केलं ते सांगताना ती पाण्याच्या पेल्याचा काठ बोटाने पुसत होती, सारखी. मी विचारलं, "ओरडली का नाहीस?" बोट थांबलं. "येते मॅडम," म्हणाली आणि गेली, ती परत आली नाही. पेला भरलेलाच होता.

तो प्रश्न मला निकालपत्रांनी शिकवला होता. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती! उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 मध्ये न्यायालयाला उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापणं गुन्हा झाला तोही तेव्हाच. त्या मुलीचं नाव मात्र पुस्तकापुस्तकांत आहे. मी ते लिहीत नाही, तूही सवय लाव. पुढे 2013 च्या दुरुस्तीने स्पष्टच लिहिलं की अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही.

कायदा तिथवर पोचला. आपली जीभ नाही पोचली. कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना ऐक कधीतरी: 'टाळी एका हाताने वाजत नाही.' 'काट्यावर पान पडलं काय नि पानावर काटा पडला काय, फाटणार पानच.' आपल्या आज्यांनी आपल्याला जपायलाच हे सांगितलं असेल, पण त्यात काट्याला कुणी काही विचारतच नाही.

तुझ्या त्या दोन रेघांमागचं मला वाटतं ते सांगते. तूही रात्री गंगापूर रोडने स्कूटीवर घरी जातेस. तिचं काहीतरी चुकलं असं निघालं, तर तू सुरक्षित. बायका बायकांना जास्त टोचून विचारतात त्याचं कारण पुष्कळदा हीच भीती असते, दुष्टपणा नव्हे. पण हिशेब खोटा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या दहातल्या नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. अंधारा रस्ता टाळून शेजारी, नातलग, साहेब कसा टळणार?

आणि 'का'च्या नादात एक विचारायचं राहूनच गेलं: किती तास झाले? रात्री नऊला मीच कालच्या त्या मुलीला फोन केला. चाळीस तास झाले होते. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं. तिला घेऊन दवाखान्यात गेले. (सरकारी असो की खाजगी, तिथले उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावेच लागतात, हे पाठ कर. तक्रार घ्यायला 'आमची हद्द नाही' हे कारणही पोलिसांना चालत नाही.) कपडे तिने धुतले नव्हते, नशीब. पण प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले, ओलसर. वाळवून कागदात ठेवायचे, हे आपण तिला सांगायला हवं होतं.

तू म्हणशील, उलटतपासणीत समोरचा वकील 'का' विचारणारच. आडून आडून विचारेल. त्याची तयारी करून घेऊच, पण नंतर, आणि आपण हे कशासाठी विचारतोय ते तिला आधी सांगून. पहिल्या दिवशी फक्त 'मग काय झालं?' एवढंच विचारायचं. ती गप्प बसली तर आपणही गप्प बसायचं.

सोमवारी अकराला ती येईल. आई आत हवी की बाहेर, ते तिलाच विचार, आईला नको. पंखा आधी लाव. पाणी दे, आणि ती पिईपर्यंत वही उघडू नकोस.

तुझी,
मॅडम