चाफ्याची फांदी कुजते, का?

प्रश्न : पावसाळ्यात देवचाफ्याच्या दोन फांद्या लावल्या. दोन्ही बुडाशी मऊ पडून कुजल्या. काय चुकले?

उत्तर : ओली जखम आणि ओली माती, दोन्ही एकत्र आली. चाफ्याच्या खोडात चीक आणि पाणी भरपूर असते. ताजा काप मातीत गेला की बुरशी लगेच शिरते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये राखाडी सालीची, ३०-४० सेंमी लांबीची पक्व फांदी कापा. हिरवा कोवळा शेंडा नको. पाने काढून ८-१० दिवस सावलीत आडवी ठेवा. चीक सुकून काप टणक झाला पाहिजे. निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत ८-१० सेंमी खोल लावून काठीला बांधा, हलली तर कोवळी मुळे तुटतात. एकदा पाणी द्या, मग माती पूर्ण वाळल्यावरच. मुळांआधी कळ्या आल्यास खुडा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.