लौकी-काकडीला जादा पालाश द्यावे काय?

प्रश्न: कळमेश्वर आणि सावनेर भागातील शेतकऱ्यांनी विचारले आहे की, उन्हाळी लौकी आणि काकडीच्या वेली जोमदार वाढल्या आहेत, परंतु फुले गळतात आणि काही काकड्या देठाकडे बारीक व टोकाकडे फुगीर निघतात. लागवडीच्या वेळी एकरी १०:२६:२६ (नत्र १०, स्फुरद २६ व पालाश म्हणजे पोटॅश २६ टक्के) या खताची ५० किलोची एक बॅग दिली आहे. आता पालाश वाढवावे काय?

उत्तर: या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. वेलीवर सुरुवातीला नर फुलेच येतात आणि ती उमलून गळतात, हे स्वाभाविक आहे. युरिया जास्त झाला की वेल पानावर जाते, नर फुलांचे प्रमाण वाढते आणि मादी फुले उशिरा लागतात. ही फुलगळ पालाशने थांबणार नाही. युरियाचा पुढचा हप्ता आवरता घ्यावा आणि मधमाश्या सकाळी काम करतात म्हणून कीटकनाशकाची फवारणी सायंकाळीच करावी.

काकडीच्या आकाराबाबत मात्र पालाशच्या कमतरतेची शंका रास्त आहे. पानात तयार झालेली साखर फळापर्यंत पोचवणे आणि पानावरील रंध्रांची उघडझाप सांभाळून पाणी टिकवणे ही पालाशची कामे असल्याने, त्याची उणीव फळ भरण्याच्या काळात उघडी पडते. खात्रीसाठी वेलीची जुनी, बुडाकडील पाने पाहावीत. कडा पिवळ्या पडून करपत असतील आणि मधला भाग हिरवा असेल, तर पालाश कमी आहे. शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडत असेल तर ती मॅग्नेशियमची उणीव समजावी. अशा वेळी पालाश वाढवल्यास नुकसानच होते.

आपल्या भारी काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असते, बरड जमिनीत ते कमी भरते. माती परीक्षणात उपलब्ध पालाश हेक्टरी २८० किलोच्या वर असेल तर जादा मात्रेवर पैसे घालवू नयेत, १२० च्या खाली असेल तर मात्र हात आखडू नये. काळी माती सुकून भेगाळली की असलेले पालाशही मुळांपर्यंत सरकत नाही. म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात खताच्या आधी पाण्याच्या पाळ्या नियमित कराव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हेक्टरी ५० किलो पालाश, म्हणजे एकरी २० किलो, ही सर्वसाधारण मात्रा धरली तर आपल्या एका बॅगेतून १३ किलो मिळाले आहे. उरलेल्या ७ किलोसाठी एकरी सुमारे १२ किलो म्युरेट ऑफ पोटॅश (६० टक्के पालाशचे खत) बुंध्यापासून वीतभर दूर, ओलीवर मातीत मिसळून द्यावे. विहिरीचे पाणी खारे असल्यास त्याऐवजी १४ किलो सल्फेट ऑफ पोटॅश (५० टक्के पालाशचे खत) वापरावे. पाने करपू लागली असतील तर १३:०:४५ हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात ऊन उतरल्यावर फवारावे.

दोन ओळी जादा पालाशविना राखून ठेवाव्यात आणि प्रत्येक तोड्याला त्यांच्या फळांचे वजन वेगळे लिहून ठेवावे. पुढच्या हंगामात किती खत घ्यायचे, हे त्या वहीवरून ठरवता येईल.