‘देल्लामोर्ते देल्लामोरे’ या इटालियन चित्रपटाचा शेवट नक्की काय आहे, आणि त्यातल्या तिन्ही बायका एकच नटी का करते?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्यात: शेवटी नायक आणि त्याचा मदतनीस काचेच्या गोळ्यात (आत बर्फ पडतो त्या शोभेच्या गोळ्यात) कसे पोचले, आन्ना फाल्की ही नटी वेगवेगळ्या बायका होऊन पुन्हा पुन्हा का येते, आणि याला भयपट म्हणायचं, विनोदी म्हणायचं की प्रेमकथा. तुम्ही पाहिलाय म्हणून मोकळेपणाने लिहितेय. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी बघून यावं, खाली सगळं फोडलंय.

माझ्या मते हा मुळात झोंबींचा, म्हणजे उठून चालणाऱ्या मेलेल्यांचा, चित्रपटच नाही. गावात ज्याला कुणी हिशेबात धरत नाही अशा एका नगरपालिकेच्या नोकराचा आहे. झोंबी त्याच्या कामाचा भाग आहेत, इतकंच.

फ्रान्चेस्को देल्लामोर्ते (रूपर्ट एव्हरेट) हा बुफ्फालोरा गावच्या दफनभूमीचा राखणदार. तिथे पुरलेल्यांपैकी काही जण सातव्या रात्री उठून बाहेर येतात आणि डोकं फोडलं की पुन्हा गप्प होतात. सुरुवातीचाच प्रसंग आठवा. हा फोनवर बोलतोय, दार वाजतं, उघडतो तर समोर मेलेला माणूस. हा गोळी घालतो आणि फोनवरचं बोलणं पुढे सुरू. किंकाळी नाही, दचकणं नाही, गळका नळ बंद करावा इतक्या सहजतेने. आणि हा प्रकार वर का कळवत नाही? कारण कळवायचं तर फॉर्म भरा, सह्या घ्या, चौकशीला तोंड द्या, वर नोकरी जायची भीती. त्यापेक्षा गोळी घालणं सोपं. सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे घातलेल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

आता फ्रान्चेस्कोचं आयुष्य बघा. वाचायला काय, तर टेलिफोन डिरेक्टरी. त्यातली मेलेल्यांची नावं तो खोडत बसतो. गावातली टवाळ पोरं त्याला नपुंसक म्हणून चिडवतात. मित्र म्हणावा तर कचेरीतला फ्रान्को, तोही बहुतेक वेळा फोनवर. सोबतीला मदतनीस न्यागी, ज्याला ‘न्या’ याखेरीज काही बोलता येत नाही. (ही भूमिका फ्रान्स्वा आजी-लाझारो या फ्रेंच रॉक गायकाने केलीय आणि चित्रपटातलं सगळ्यात मोठं काळीज त्याच्याकडे आहे, त्याबद्दल पुढे.) जिवंत माणसं याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मेलेली निदान दार तरी वाजवतात.

अशा माणसाच्या आयुष्यात ती येते, म्हाताऱ्या नवऱ्याला पुरायला आलेली तरुण विधवा (आन्ना फाल्की). फ्रान्चेस्कोच्या गोड बोलण्याचा तिच्यावर ढिम्म परिणाम होत नाही. पण अस्थिघर (मेलेल्यांची हाडं ठेवायची जागा) दाखवतो म्हटल्यावर डोळे चमकतात. पुढे दोघं नवऱ्याच्याच थडग्यावर एकत्र येतात, कारण नवऱ्यापासून तिने कधी काही लपवलेलं नाही! मग नवरा उठतो, तिला चावतो, ती मरते. मृतदेह हलतो तेव्हा फ्रान्चेस्को कर्तव्य म्हणून गोळी घालतो. आणि नंतर ती पुन्हा उठून येते. इथे खरी मेख आहे. एकदा डोक्यात गोळी लागलेला मेलेला परत उठत नाही, हा या गावचा नियम. मग पहिल्या वेळी ती मेलीच नव्हती का? म्हणजे जिचा जीव घेतला ती जिवंत होती? चित्रपट याचं उत्तर देत नाही. फ्रान्चेस्को मात्र तिथून ढासळायला लागतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे. पुढच्या दोन बायका नव्या असल्या तरी त्याला त्यांच्यात तोच चेहरा दिसतो, आणि प्रत्येक वेळी प्रेम त्याच्या हातून निसटतं. दिग्दर्शकाने एकच नटी घेतली म्हणून आपल्यालाही त्याच्याच डोळ्यांनी बघावं लागतं. मात्र दुसऱ्या बाईचं प्रकरण मला अजिबात पचत नाही. तिला पुरुषस्पर्शाची धास्ती, म्हणून हा बहाद्दर स्वतःचं लिंग कापून घ्यायला डॉक्टरकडे जातो, इथवर काळा विनोद चांगला जमलाय. पण नंतर बलात्काराने तिची भीती ‘बरी’ होते आणि ती त्याच माणसाशी लग्नाला निघते, हे तेव्हाही वाईट होतं आणि आजही वाईटच आहे. उत्तरार्धात पटकथेचा तोल एकूणच जातो.

प्रेमकथा शोधत असाल तर ती न्यागीची. महापौराच्या मुलीसमोर गेल्यावर तो इतका बावरतो की तिच्या अंगावर ओकतो. ती मोटरसायकलच्या अपघातात मरते, तेव्हा हा तिचं मुंडकं उकरून आणतो आणि फुटक्या टीव्हीच्या खोक्यात ठेवतो. मुंडकं बोलतं, गातं, आणि त्यालाही न्यागी आवडायला लागतो. पुढे मुंडकं बापाकडे लग्नाची परवानगी मागतं. बाप नाही म्हणतो. मग ते उडून थेट बापाच्या गळ्याला चावतं. हे लिहिताना हास्यास्पद वाटतं, पण पडद्यावर न्यागीचा चेहरा बघताना हसू आणि हुंदका एकदम येतो.

डिरेक्टऱ्या जाळताना उडणाऱ्या राखेतून मृत्यू स्वतः प्रकट होतो आणि फ्रान्चेस्कोला दम देतो: मेलेल्यांना मारू नकोस, ती माझी माणसं, मारायचंच तर जिवंतांना मार. तो खरंच मारायला लागतो, आणि इथे सगळ्यात क्रूर विनोद सुरू होतो. त्याच्यावर कुणी संशयच घेत नाही. हातात पिस्तूल घेऊन इन्स्पेक्टरसमोर उभा असला तरी नाही. त्याने केलेले खून फ्रान्कोच्या नावावर जमा होतात. या माणसाला स्वतःच्या गुन्ह्याचंही श्रेय मिळत नाही!

म्हणून तो शेवट. फ्रान्चेस्को आणि न्यागी गाडीत बसून गाव सोडतात, बोगद्यातून बाहेर पडतात आणि पुढे रस्ताच संपलेला. खाली दरी. बाकीचं जग अस्तित्वातच नाही. फ्रान्चेस्को दोघांसाठी दोन गोळ्या भरतो. डोक्याला मार लागलेला न्यागी शुद्धीवर येतो, पिस्तूल फेकून देतो आणि चक्क स्वच्छ शब्दांत मला घरी ने म्हणतो. आणि फ्रान्चेस्को उत्तर देतो, ‘न्या’. मग बर्फ पडतो आणि कळतं की दोघं काचेच्या गोळ्यातल्या बाहुल्या आहेत. सगळं फ्रान्चेस्कोच्या डोक्यातलं होतं असं काही जण मानतात. मला ते फार सोयीस्कर वाटतं. ज्याच्या आयुष्याची हद्द दफनभूमीच्या फाटकाशी संपते, त्याच्यासाठी जग खरोखरच तेवढ्या गोळ्याएवढं असतं. कॅमेरा फक्त मागे सरकून ते दाखवतो.

थोडी पार्श्वभूमी, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. चित्रपट 1994 चा, दिग्दर्शक मिकेले सोआवी. अमेरिकेत तो 1996 साली ‘सिमेटरी मॅन’ नावाने लागला. सोआवी इटालियन भयपटांचा दिग्दर्शक दारिओ आर्जेन्तोच्या हाताखाली तयार झालेला, आणि दिग्दर्शक टेरी गिलियमच्या ‘बॅरन मंचाउसेन’ या चित्रपटावरही त्याने काम केलं होतं. राखेतला मृत्यू नि बर्फाचा गोळा बघताना मला तरी गिलियमच जास्त आठवतो. मूळ कादंबरी तित्सियानो स्क्लावीची, 1991 साली छापलेली. याच स्क्लावीने 1986 मध्ये ‘डिलन डॉग’ हे इटलीतलं तुफान चाललेलं कॉमिक सुरू केलं. त्यातल्या डिलनचा, म्हणजे भुताखेतांच्या प्रकरणांचा छडा लावणाऱ्या नायकाचा, चेहरा रूपर्ट एव्हरेटवरून बेतलेला होता, आणि मग चित्रपटाला नायक हवा झाला तेव्हा खुद्द एव्हरेटलाच घेतलं. त्यामुळे अनेक जण हा डिलन डॉगचा चित्रपट समजतात. तसा तो नाही. फ्रान्चेस्को हे वेगळं पात्र आहे.

परत बघणार असाल तर इंग्रजी आवाजातला बघा, कारण त्यात एव्हरेटचा स्वतःचा आवाज आहे आणि त्याचं ते कंटाळलेलं, सपाट बोलणं म्हणजे अर्धा विनोद. आणि ‘डिलन डॉग’च्या नावाने 2011 साली आलेल्या अमेरिकन चित्रपटाच्या वाटेला जाऊ नका. लंडनचा डिलन उचलून न्यू ऑर्लिन्सला नेलाय आणि त्याचा जोडीदार ग्राउचो सरळ गायब केलाय.