पहिल्या बीट हंगामाला निघताना

नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या रेड रिव्हर खोऱ्यात शुगर बीटच्या (साखरेसाठी पिकवलेल्या बीटच्या) काढणीच्या कामाला आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन निघालायस, फार बरं वाटलं. पण आधी कागद बघ. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर हे काम चालत नाही.

मुख्य काढणी 1 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. पाळी 12 तासांची. बीट तापलं, गोठलं किंवा पाऊस लागला की काम थांबतं, म्हणून महिन्याभराचा खर्च गाठीला ठेवूनच जा.

खरी परीक्षा थंडीची. पहिल्या वर्षी पहाटे पाळीवरून आलो, नळ सोडला तर थेंब नाही. बाहेरचा होज, म्हणजे गाडीत पाणी आणणारी नळी, गोठून काठीसारखा ताठ झालेला. तेव्हापासून विजेवर गरम होणारा होज वापरतो, नाहीतर टाकी भरून होज आत घेतो. प्रोपेन गॅसचे दोन्ही सिलिंडर भरलेले हवेत, हीटर रात्रभर चालतो.

बूट एक नंबर मोठे घे, आत जाड मोजे बसतात. चिखल भयंकर चिकटतो, बूट दाराबाहेरच काढ. रात्रपाळी मिळाली तर खिडक्यांना काळं कापड लाव, दिवसा झोप लागलीच पाहिजे रे. आणि डब्याला थालीपीठ ने, गारही खाता येतं.